पहिल्या ओळीतला गणपती

माझ्या वर्गात यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. कारण साधं होतं. खोलीत एसी होता, जमिनीवर गालिचा होता, आणि धुळीचा कण आत गेला की कॉम्प्युटर बंद पडतो अशी त्या काळी मॅनेजमेंटपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची खात्री होती. पण तंजावरच्या माणसाला चपला काढायला सांगितल्या की तो लगेच वेगळा वागायला लागतो. आवाज खाली येतो, हात पुढे बांधले जातात. कितीतरी जण उंबऱ्याला बोटं टेकवून डोळ्यांना लावत आणि मगच आत येत. एका शाळेतल्या बाई तर पहिल्या दिवशी जाईचा गजरा घेऊन आल्या आणि तो त्यांनी मॉनिटरवर वाहिला. मी तो तसाच राहू दिला. मॉनिटर तापायचाच, दुपारपर्यंत गजरा सुकून गेला.

माझं काम अशा माणसांना गणिताचं सॉफ्टवेअर शिकवायचं. देशाची दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं रोज लिहीत होती, ती ही वर्षं. आमच्याकडे दारं उघडल्याचं लक्षण म्हणजे भाताच्या खाचरांमधून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या इमारती वर यायला लागल्या. कालपर्यंत जिथे बगळे उभे असायचे तिथे आज ‘कॉम्प्युटर सेंटर’ अशी पाटी. त्यातल्याच एका कॉलेजात मी लागले. कॉलेजने जाड जाड पुस्तकांसकट हे सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, आणि ती पुस्तकं उघडून बघायची कुणाची छाती होत नव्हती. मी गणितातली एम.एस्सी., त्यातून पुण्याला शिकलेली, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. पुढे निवृत्त होईपर्यंत ती माझ्याच गळ्यात राहिली.

पुण्याचं नाव निघालं म्हणून सांगते. मी मूळची तंजावरचीच, राजवाड्याच्या पश्चिमेच्या गल्लीतली. आमच्यासारखी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत, पण देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर. माझ्या वडिलांनी हट्टाने मला ती शिकवली, आणि पुढे पुण्यात पक्की झाली. पुण्यात माझ्या बोलण्याला मैत्रिणी हसत, मी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी बोलते म्हणत. परत आल्यावर घरचे हसायला लागले, मी रेडिओसारखी बोलते म्हणून. तेव्हा मी दोन्हीकडे हसू करून घ्यायची सवय लावून घेतली, आणि शिक्षकाच्या धंद्यात ती फार उपयोगी पडते.

आता हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगते. घाबरू नका, वर्गातही मी एवढंच सांगायचे. साधा कॅल्क्युलेटर एका वेळी एक आकडा घेतो. हे सॉफ्टवेअर आकड्यांची अख्खी रांग एकदम घेतं. शंभर दिवसांचा पाऊस एका नावाखाली ठेवा, त्याला ‘पाऊस’ म्हणा, आणि सांगा की याची सरासरी काढ, याचा आलेख काढ, याची त्या दुसऱ्या रांगेशी तुलना कर. तुम्ही एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचं, ते लगेच उत्तर देतं. ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकला तर मात्र ते काम गुपचूप करतं आणि आकडे पडद्यावर दाखवत नाही. हा अर्धविराम विसरला की शेकडो आकडे धबाधबा पडद्यावरून धावत सुटायचे आणि नवशिके खुर्ची मागे सरकवून उठायचे. ‘टीचर, फुटलं!’ अशी आरोळी आली की मी न बघता म्हणायचे, ‘अर्धविराम.’

माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकंही एकेक नमुना. कॉलेजचे प्राध्यापक असत, सरकारी कचेऱ्यांतले लोक असत. एक ज्योतिषी आले होते, कुंडल्या झटपट व्हाव्यात म्हणून. ग्रहांची गणितं त्यांनी भराभर बसवली. हुशार होते. पण सॉफ्टवेअर सगळ्यांना सारखंच उत्तर देतं, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून थोडं इकडेतिकडे करत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांचा उत्साह मावळला. जाताना मला म्हणाले, ‘अम्मा, याला कनवाळूपणा नाही.’ मला ते पटलं होतं.

पण आज सांगायची आहे ती कल्याणीची गोष्ट.

कल्याणी तंजावरजवळच्या ओरत्तनाडूची. तिथल्या मुक्तांबाळ छत्राच्या, म्हणजे मराठा राजांच्या जुन्या धर्मशाळेच्या, जवळच तिचं घर, आणि घर आमच्यासारखंच मराठी. डिप्लोमा इंजिनिअर होती. कालव्यांचं पाणी बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत तिला नोकरी लागली होती, पण कालव्याच्या काठाकाठाने फिरायचं काम बाईमाणसाचं नव्हे असं ठरवून तिला आवक-जावकवर बसवलं होतं. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या टपालाला तिकीट चिकटवायचं. तिकिटं चिकटवायच्या ओल्या स्पंजाने तिच्या उजव्या हाताची बोटं सुरकुतलेली असायची. ती पहिल्यांदा कीबोर्डवर हात ठेवून बसली तेव्हा ती बोटं मी पाहिली आणि मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

तिला वर्गाला पाठवलं होतं ते दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. पण गोष्ट तेवढीच नव्हती. त्यांच्या खात्याला एक कॉम्प्युटर मंजूर झाला होता. तो ओरत्तनाडूच्या कचेरीत ठेवायचा की जिल्ह्याला, हे त्यांचे मोठे साहेब ठरवणार होते. ते वर्गाच्या शेवटच्या दिवशी दुपारी स्वतः येऊन पाहणार होते की ही मुलगी त्या मशीनवर काही कामाचं करू शकते का. करू शकली तर कॉम्प्युटर ओरत्तनाडूला आणि कल्याणी त्याच्यासमोर. नाही तर कॉम्प्युटर जिल्ह्याला, आणि कल्याणी पुन्हा स्पंजाकडे. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, इंग्रजीत, पाठ करून आणल्यासारखं.

मी तिला मराठीत विचारलं, ‘घरीं मराठी बोलतां ना?’

ती लाजून तमिळमध्ये म्हणाली, ‘सगळं कळतं, अक्का. बोलायला येत नाही. अप्पा बोलतात, आम्ही तमिळमध्ये उत्तर देतो.’ आमच्या निम्म्या घरांतून हेच चालतं, म्हणून मी जास्त ताणलं नाही. पण ‘मॅडम’ची ‘अक्का’ झाले होते.

एका मशीनवर दोघांना बसवायचे. कल्याणीच्या शेजारी आले वैद्यनाथन सार, म्हणजे आपले सर. गणिताचे प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे आणि एका बोटाने टाइप करण्याची पद्धत. नव्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर आला म्हणून त्यांनाही येणं भाग होतं. ‘मला हे सगळं कागदावर येतं,’ असं ते दर तासाला एकदा जाहीर करत.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, आता प्रत्येकाने मनाला येईल ते एक गणित टाइप करा. वैद्यनाथन सारांनी बराच वेळ कीबोर्ड न्याहाळला, मग दोनचा आकडा दाबला, आणि एन्टर. पडद्यावर उमटलं, ‘उत्तर बरोबर दोन’.

सार हरखून गेले. म्हणाले, ‘मी विचारलंही नाही आणि याने उत्तर दिलं!’

‘पण सार, तुम्ही नुसता दोन का टाइप केलात?’

‘दोन नव्हे, अम्मा. पिळ्ळैयार सुळी.’

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं थांबते. तमिळ माणूस कागदावर काहीही लिहायच्या आधी वर मधोमध एक वळण काढतो. वाण्याची यादी असो, लग्नाची पत्रिका असो, परीक्षेचा पेपर असो, आधी ते वळण. पिळ्ळैयार म्हणजे गणपती, आणि ही त्याची खूण. आपण ‘श्री’ घालतो तसंच. आमच्या घरांतून तर दोन्ही घालतात, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. ही खूण दिसायला इंग्रजी दोनसारखी, वर वळण आणि खाली लांब आडवी रेघ. कीबोर्डवर ती नाही. मग जवळात जवळचं काय, तर दोन. सारांनी गणपतीला नमस्कार करून सुरुवात केली होती, आणि मशीनने तो नमस्कार गणित समजून सोडवून टाकला होता.

वर्ग हसला, पण मी बघितलं की आणखी चौघांनी तेच केलं होतं आणि ते हळूच पुसत होते. तेव्हा मी त्यांना टक्क्याच्या खुणेची गोष्ट सांगितली. या सॉफ्टवेअरमध्ये ओळीच्या सुरुवातीला टक्क्याची खूण घातली की त्या ओळीकडे मशीन बघतही नाही. ती ओळ माणसांसाठी. हा प्रोग्राम कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, असं तिथे लिहून ठेवायचं. ‘देवासाठीही चालेल,’ मी म्हटलं. ‘आधी टक्का, मग तुमचा पिळ्ळैयार. मशीन त्याला हात लावणार नाही.’

सार नाराज होते. ‘म्हणजे देवाला पडद्याआड बसवायचं?’

‘गाभारा पडद्याआडच असतो ना, सार?’ मी म्हटलं. हे मला ऐन वेळी सुचलं याचा मला अजून आनंद होतो. त्या दिवसापासून माझ्या वर्गातल्या एकूण एक प्रोग्रामची पहिली ओळ टक्का आणि दोन अशी व्हायला लागली.

मग प्रत्येकाने आपापल्या कामाचं एक उदाहरण घेऊन ते सोडवायचं, असा माझा नेम होता. पुस्तकातली उदाहरणं मी कधीच दिली नाहीत, कारण पुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर चुकलं तरी कुणाच्या पोटात दुखत नाही. कल्याणीने कालव्याचं घेतलं. मेट्टूर धरणातून पाणी सुटलं की ते कल्लणैला, कावेरीवरच्या जुन्या बंधाऱ्याला, येतं, तिथलं शटर उचललं की पाणी नव्या कालव्याला लागतं, आणि पाट-पोटपाट करत शेवटी ओरत्तनाडूच्या पलीकडच्या गावांना पोचतं. शटरपाशी रोज सकाळी किती फूट पाणी आहे ते लिहितात, आणि पार शेवटच्या पाटाशीही लिहितात. कल्याणीने एका हंगामाचे दोन्हीकडचे आकडे आणले होते. प्रश्न हा की शटर उचलल्यापासून शेवटच्या पाटाला पाणी लागायला किती दिवस जातात. साहेबांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नव्हतं, कारण गावोगावच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या त्या यावरच.

सॉफ्टवेअरला हे सोपं आहे. शटरची रांग आणि पाटाची रांग शेजारी शेजारी ठेवायची, आणि एक रांग एकेक दिवस सरकवत बघायचं की दोन्हींचे चढउतार कधी जुळतात. जितके दिवस सरकवावं लागलं तितके दिवस पाण्याला लागतात. कल्याणीने प्रोग्राम स्वतः लिहिला, मी नुसती मागे उभी होते. तिचं डोकं असं चालायचं की मला मागे उभं राहायलाही मजा यायची.

उत्तर आलं, दोन दिवस.

मी शाबासकी दिली आणि पुढच्या मशीनकडे वळले. पण कल्याणी हलली नाही. डबा खायच्या वेळी ती माझ्याजवळ आली. सांबारभाताचा डबा उघडून तशीच बसली.

‘काय झालं ग?’

‘अक्का, आमच्याकडे पाणी तिसऱ्या दिवशी येतं,’ ती तमिळमध्येच म्हणाली. ‘लहानपणापासून. शटर उघडलं अशी बातमी आली की आम्ही मुलं दुसऱ्या सकाळपासून एक, दोन मोजायचो. तिसऱ्या दिवशी छत्रापलीकडचा पाट ओला व्हायचा. कधीच आधी नाही.’

‘मग?’

‘मग मशीन म्हणतंय तेच बरोबर असेल. मी लहान होते. मोजण्यात चुकलं असेल.’

ही गोष्ट मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली, आणि तिचा मला कायम संताप आला. हुशार माणूस मशीनपुढे बसला की आधी स्वतःवर शंका घेतो. सार तसे नव्हते, ते आधी मशीनवर शंका घेत. शेजारी बसून ते दहीभात खात होते. म्हणाले, ‘पोरी, गावच्या सगळ्या पोरांचं मोजणं एकाच बाजूला कसं चुकेल?’

मी तिला म्हटलं, ‘साहेब तुमचे कालव्यावरच म्हातारे झाले ना? तू दोन दिवस म्हणालीस की ते काय म्हणतील?’

तिने डबा बंद केला. साहेब पहिल्या वाक्यालाच उठून जातील हे तिला माझ्याआधी कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ते येणार होते.

त्या दिवशी तिने प्रोग्राम तीनदा तपासला, मी दोनदा, आणि वैद्यनाथन सारांनी कागदावर उतरवून एकदा. चूक सापडेना. प्रोग्राम स्वच्छ होता. वर टक्का, पिळ्ळैयार, खाली एकेक ओळ जिथल्या तिथे. संध्याकाळी ती शेवटची बस धरायला गेली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना. मी तिला उगाचच सांगितलं की उद्या सकाळी काहीतरी निघेल. मला स्वतःला त्याची काही खात्री नव्हती.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी हजर. मी म्हटलं, प्रोग्राम पुरे झाला, आता आकडेच बघू. शटरची रांग मशीनमध्ये घेणारी जी ओळ होती, तिचा शेवटचा अर्धविराम मी तिला काढायला लावला. एन्टर दाबल्यावर अख्खा हंगाम पडद्यावर धावला. मग आम्ही वर सरकत सरकत पहिल्या आकड्याशी आलो.

दोन, शून्य, शून्य, शून्य.

‘कल्याणी,’ मी विचारलं, ‘हे पहिल्या दिवशी दोन फूट पाणी कुठून आलं? शटर तर बंद होतं ना?’

ती पडद्याकडे वाकली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्या हातांमागून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मराठीत बोलली.

‘अय्यो, अक्का! तें पाणी नव्हें. तें पिळ्ळैयार!’

वैद्यनाथन सारांना मराठी येत नव्हतं, पण एवढं त्यांना कळलं. ते खुर्चीतून अर्धे उठले.

‘अग, पण टक्का कुठे?’ मी विचारलं. ‘सांगितलं होतं ना?’

‘तुम्हींच सांगितलांत, टक्का प्रोग्रामास. डेटाच्या फायलींत आकड्याविना कांहीं ठेवूं नको म्हणून. म्हणून नुसता आकडाच ठेविलें.’

खरं होतं. मी तसंच सांगितलं होतं आणि तिने ते अक्षरशः पाळलं होतं. मग मला दुसरी शंका आली. गणपती जर शटरच्या फायलीत बसला होता, तर पाटाच्या फायलीतही असणार. आणि दोन्हीकडे असता तर दोन्ही रांगा सारख्याच सरकल्या असत्या, उत्तर बरोबर आलं असतं, आणि जन्मात कुणाला पत्ता लागला नसता.

‘पाटाच्या फायलींत नाहीं ठेविलेंस?’ मलाही आमची जुनी बोली आठवली.

‘दोहींस कशास, अक्का? काम एकच ना? पहिल्या पानास ठेवितात. पानोपानीं कोण ठेवितें?’

माझी आईसुद्धा पत्राच्या पहिल्याच पानावर ‘श्री’ घालायची. शटरची फाइल आधी टाइप केली, तिच्यावर पिळ्ळैयार बसला, आणि त्याने सबंध हंगाम एक दिवस पुढे ढकलला. पाटाचा हंगाम जागच्या जागी राहिला. म्हणून तीन दिवसांचे दोन झाले. सॉफ्टवेअरने कुरकूरही केली होती की दोन रांगांची लांबी सारखी नाही. कल्याणीला वाटलं, शटरचा एखादा दिवस आपण जास्त उतरवला, म्हणून तिने शेवटचा आकडा छाटून टाकला. आलेखातही तो दोनचा खिळा अगदी डाव्या कडेच्या रेघेला चिकटून उभा होता, म्हणून तिघांच्याही नजरेतून सुटला.

आता तो काढायचा एवढंच उरलं. कल्याणीने फाइल उघडली, पहिल्या ओळीवर गेली, आणि बोट कीबोर्डवर ठेवून थांबली.

‘पुसून टाकूं?’ ती म्हणाली. ‘गणपतीस?’

वेळ थोडा होता, साहेब यायचे होते, आणि एका कळीवर सगळं अडलं होतं. मी घाई करणार होते, पण ती खरंच विचारत होती. तिच्या दृष्टीने ती ज्या कामासाठी त्याला बसवून निघाली होती तेच काम पुरं व्हायच्या आधी त्याला उठवायला मी सांगत होते. मी म्हटलं, ‘चतुर्थीचा गणपती आपणच विहिरींत सोडतों ना? तसें समज.’

तिने डोळे मिटले, कळ दाबली, आणि ते बोट दोन्ही डोळ्यांना लावलं. मग छाटलेला शेवटचा आकडा परत घातला, प्रोग्राम चालवला.

तीन दिवस.

मी कधी वर्गात खुर्चीत बसत नसे. त्या वेळी बसले. सारांनी खिशातून भस्माची पुडी काढली आणि कल्याणीच्या कपाळावर बोट ओढलं. मग थोडा विचार करून मॉनिटरच्या कपाळावरही ओढलं.

दुपारी साहेब आले. चपला काढताना जरा कुरकुरले, पण काढल्या. कल्याणीने आलेख दाखवला, दोन्ही रांगा दाखवल्या, आणि सांगितलं की शटर उचलल्यावर शेवटच्या पाटाला पाणी तिसऱ्या दिवशी लागतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘हे तर मला माहीतच आहे,’ ते म्हणाले. ‘शटर उचलणारा आमचा लस्कर, कालव्यावरचा साधा गडी, तोही सांगेल. यासाठी कॉम्प्युटर कशाला हवा?’

इतकी धडपड करून आम्ही बरोबर उत्तर आणलं होतं, आणि ते बरोबर होतं हाच आता गुन्हा ठरत होता. मी काहीतरी बोलायला पुढे झाले. सारांनी माझ्यापुढे हात आडवा धरला.

कल्याणी म्हणाली, ‘होय सार. तुम्हाला माहीत आहे ते याला येतं की नाही, हे आधी बघायला नको का? आता तुम्हाला माहीत नाही ते विचारा.’

तमिळमध्ये वरिष्ठाला असं बोलणं म्हणजे केवढं धाडस ते तमिळ येणाऱ्यालाच कळेल. साहेबांनी चष्मा परत घातला. आलेखातल्या शटरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘शटर अर्धंच उचललं तर?’

त्या हंगामात काही वेळा शटर अर्धंच ठेवलेलं होतं. कल्याणीने नेमके ते दिवस वेगळे काढायला मशीनला सांगितलं. एक ओळ, शेवटी अर्धविराम नाही. उत्तर आलं की पाणी पाचव्या दिवशी लागतं, आणि लागतं तेही इतकं थोडं की पोटपाटाच्या तोंडापर्यंत चढतच नाही.

साहेब हळूच म्हणाले, ‘म्हणून ते लोक दरवर्षी भांडायला येतात. मी त्यांना सांगायचो, पाणी सोडलंय, आलंच असेल.’ त्यांनी खुर्ची ओढली आणि कल्याणीच्या शेजारी बसले. बाहेर त्यांच्या जीपचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. ते उठले ते अंधार पडायला लागल्यावर, आणि तोवर कल्याणीला त्यांनी ‘अम्मा’ म्हणायला सुरुवात केली होती. कॉम्प्युटर ओरत्तनाडूला गेला. कल्याणीच्या जागी आवक-जावकवर एका धडधाकट गड्याला बसवलं, असं तिने मला हसून हसून सांगितलं.

सगळ्यांचं असं झालं नाही. माझ्या हाताखालून कितीतरी हुशार मुली गेल्या आणि शिकून परत आपापल्या शिक्क्यापाशी बसल्या, कारण त्यांच्याकडे बघायला कुठला साहेब चपला काढून आला नाही. ती खंत मला आहे. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने शाल दिली तेव्हा मला त्यांचेच चेहरे आठवत होते. पण कल्याणीचं झालं. त्या एका दुपारचा सुटकेचा श्वास मला पुढे बरीच वर्षं पुरला.

पुढच्या जूनमध्ये मेट्टूरचं पाणी सुटलं. कल्लणैचं शटर उचललं त्या दिवशी कल्याणीचा कॉलेजात फोन आला, ‘अक्का, तिसऱ्या दिवशीं सकाळींच यावें. मीं सांगतें तेथें.’ मोपेडवर बसवून ती मला छत्रापलीकडच्या पाटाशी घेऊन गेली. एका छोट्या मोरीच्या कठड्यावर आम्ही दोघी बसलो. पाटाचा तळ भेगाळलेला होता. गावातल्या दोन-चार बायका फुलं आणि हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. मी कल्याणीकडे बघत होते. तिने या सकाळची वेळ सगळ्या गावांना आधी कळवली होती, आणि आता तिला मान वळवून पाटाकडे बघायचा धीर होत नव्हता.

पाणी आलं तेव्हा त्याचा आवाज झाला नाही. आधी वाळलेली पानं आणि फेस ढकलत एक मळकट जीभ आली, भेगा भरत भरत पुढे सरकली, आणि मग मागून पाणी. बायकांनी कुलव्या घातल्या, मंगल वेळी जीभ हलवून काढतात तो उंच सूर. कल्याणी उठून काठावरून खाली गेली, पाण्यात बोट बुडवलं, आणि परत वर येऊन कोरड्या कठड्यावर, माझ्या शेजारी, ते वळण काढलं आणि खाली लांब रेघ ओढली. तिच्या बोटांच्या सुरकुत्या केव्हाच गेल्या होत्या.

‘एथें टक्का नको ना, अक्का?’

मी नको म्हटलं. उन्हाने ती खूण वाळून जाईपर्यंत आम्ही तिथेच बसून पाणी पुढे जाताना बघत होतो.